मदत हवी आहे : दादागिरीवरच्या विद्यार्थिनीच्या व्हिडिओला गुण कसे द्यावेत?

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. यंदा लेखी प्रकल्पाऐवजी मुलांना मोबाइलवर पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ करायला दिला. विषय होता मुलामुलांमधली दादागिरी. बाकीचे तपासून झाले, एका मुलीचा मात्र बाजूला ठेवलाय. त्यासाठीच हा धागा.

व्हिडिओ दिसायला साधा. पंख्याची घरघर सगळीकडे, दोन ठिकाणी बोलणं ऐकूच येत नाही. वर्गात एक मुलगा उत्तर द्यायला उभा राहतो. घरी अहिराणी बोलतात, त्यामुळे "शेतकरी पेरणी करी ऱ्हायना" (म्हणजे पेरणी करतोय) असं तोंडातून निघून जातं. मागच्या बाकांवरून लगेच ओरडा, "ऱ्हायना, ऱ्हायना!" मग तेच नाव मैदानावर, पाण्याच्या टाकीपाशी, रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मुलगा बोलायचंच बंद करतो. प्रश्न विचारला की खाली बघत पेनाचं टोपण काढतो, लावतो, काढतो. मग कॅमेरा बाकाबाकावरून हसणारे चेहरे दाखवत एका रिकाम्या जागेवर थांबतो आणि तिचा आवाज येतो, "ही जागा माझी. मी पण हसायची."

याच मुलांना मी बहिणाबाईंच्या कविता शिकवते. आपल्याकडची बोली पुस्तकात आली की वर्ग माना डोलावतो आणि शेजारच्या बाकावरून आली की हसतो, हे त्या मुलीनं मला दाखवलं.

आमच्या तक्त्यात वीस गुण आहेत : आशय ५, मांडणी ५, तांत्रिक बाजू ५, गटकार्य ५. तिनं सगळं एकटीनं केलंय, म्हणून गटकार्यात जवळपास काही नाही, तांत्रिक बाजूतही दोनच. दुसऱ्या एका गटाचा व्हिडिओ चकाचक आहे. स्लो मोशन, करुण संगीत, आणि शेवटी छळ झालेला मुलगा आत्महत्या करतो. तक्त्याप्रमाणे तो सहज सतरावर जातो. मला हे अजिबात पटत नाही.

तिचीही एक चूक आहे. शेवटी तिनं रॅगिंगविरोधी हेल्पलाइन दिलीय. ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांतली, कॉलेजांसाठीची. शाळेतल्या मुलांसाठी १०९८ हा बालकांच्या हेल्पलाइनचा नंबर हवा होता.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही की तो मुलगा अभिनय करत नाहीये. बाजूच्या तुकडीत त्याच्यासोबत हे खरंच चाललंय. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मीच तिला हो म्हटलं." घरी मात्र कुणाला माहीत नाही. व्हिडिओत दाखवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉटही खरे आहेत, दोन मुलांचे नंबर स्पष्ट वाचता येतात. चांगले प्रकल्प आमच्याकडे स्नेहसंमेलनात पडद्यावर दाखवतात, चेहरा धूसर करून हाही दाखवावा असं सहकारी म्हणतात. दाखवू का? त्या मुलासाठी आधी काय करू? आणि "मी पण हसायची" या वाक्याला कोणत्या रकान्यात गुण द्यायचे?

प्रतिसाद

मॅडम, मी धुळ्याकडे शाळांमध्ये समुपदेशन करतो. आधी तो मुलगा, गुण नंतर. त्याच्याशी एकट्यानं बोला, त्याला विश्वासात घेऊनच घरी कळवा. त्याला आणि त्रास देणाऱ्यांना समोरासमोर बसवून "चला, हात मिळवा" हे कृपा करून करू नका. तिथं तो घाबरून हो म्हणतो आणि गेटबाहेर दुप्पट भोगतो. पडद्यावर तर दाखवूच नका. चेहरा झाकला तरी गाव आवाजावरून ओळखतं. स्क्रीनशॉट काढून तेच मेसेज तिला हातानं कागदावर लिहून शूट करायला सांगा.

आशयासाठी डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाच्या कसोट्या घ्या : त्रास मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि ज्याला द्यायचा तो ताकदीनं किंवा संख्येनं कमी. तिच्या व्हिडिओत तिन्ही आहेत. पण याच कसोट्या सगळ्यांना लावा, एकटीसाठी तक्ता वाकवू नका. एकट्यानं केलेल्यांचं गटकार्य वगळून पंधराचे वीस करता येतील.

दुसऱ्या गटाला नापास करू नका, पण शेवट बदलायला लावा. आत्महत्या ही छळातून सुटका म्हणून दाखवू नये, मदतीचा मार्ग दाखवावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही माध्यमांना सांगते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायला सांगा. आणि त्या गटातल्या प्रत्येकाशी हा शेवट का सुचला ते शांतपणे बोला. कधी कधी उत्तर घरातलं असतं.

धागाकर्ती

मनापासून आभार सर. गटाशी बोलायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्या पहिल्या तासाआधी बोलते. स्नेहसंमेलनाच्या यादीतून व्हिडिओ काढायला सांगितलाय. मुलगा म्हणतो आधी आईला सांगू, वडिलांना नंतर, तर तसंच करणार आहे.

त्या वाक्याचं अजून अडलंय. गुण दिले तर पुढच्या वर्षी मुलं गुणांसाठी कबुल्या देतील, न देणं मनाला पटत नाही. सध्या तरी त्याला आकडा न देता वहीत चार ओळी लिहून द्याव्यात असं वाटतंय. मुलांनी स्वतःबद्दल खरं सांगितलेलं काम कुणी तपासलं असेल तर कसं तपासलं ते सांगाल का?