गुलाब-मोगऱ्याच्या आळ्यांत हरळी घुसली आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या घरी अंगणात सासूबाईंनी लावलेले जुने गुलाब आणि मोगरा आहेत. यंदाच्या पावसाळ्यात त्यांच्या आळ्यांत हरळीने पक्कं बस्तान बसवलंय. खुरप्याने वरची काढते, पण जमिनीखालच्या पांढऱ्या, टोकदार काश्या (जमिनीखाली पसरणारी खोडं) थेट मोगऱ्याच्या मुळांच्या जाळ्यातून गेल्यात. ओढल्या की पेऱ्याशी तुटतात आणि राहिलेल्या तुकड्याला पुन्हा कोंब फुटतो. खोल खणावं तर मोगरा दुखावणार.

ग्लायफोसेट हे सगळ्याच झाडांना मारणारं तणनाशक मला नकोच, गुलाबाच्या पानांवर उडालं तर तोही जाईल. सोयाबीनमध्ये शेतकरी क्विझालोफॉप इथाईल हे तणनाशक मारतात, ते गवतवर्गीय तणांवरच काम करतं. गुलाब-मोगऱ्याच्या बुंध्याशी कोणी ते वापरलंय का? झाडांना काही झालं का? शेजारीच गवती चहाचं बेट आहे, तेही गवतच. म्हणून फवारण्याऐवजी हातमोजे घालून ब्रशने पात्यांना लावलं तर पुरेल का?

पुठ्ठा अंथरून वर पालापाचोळा टाकायचा उपाय कोणाला लागू पडलाय का, की हरळी कडेने बाहेर येतेच? गणपतीच्या दूर्वांसाठी एका कुंडीत ती ठेवणारच आहे, पण आळी मोकळी व्हायला हवीत. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.