दुसरा फिलिप: जेनोआच्या सावकारांचं गिऱ्हाईक की सावज?

चौकस:
स्पेनचा दुसरा फिलिप म्हणजे अमेरिकेच्या चांदीचा धनी. तरी १५५७, १५६०, १५७५, १५९६ असा चारदा देणी थांबवून बसला. माझं मत सरळ आहे: इटलीतल्या जेनोआ शहराच्या सावकारांनी त्याला पिळला. स्पेनच्या सेव्हिल बंदरात चांदी उतरायच्या आधीच ती त्यांच्याकडे गहाण पडलेली असायची.

खतावणी:
नुसतं कर्ज असतं तर पटलं असतं. आसिएन्तो, म्हणजे राजाने या सावकारांशी केलेला कर्जाचा करार, ही निम्मी हुंडीच होती. चांदीचा ताफा यायचा वर्षातून एखाद्या वेळी. फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमकडे) बंड मोडायला ठेवलेल्या राजाच्या शिपायाला पगार हवा वेळेवर, तोही सोन्यात. सावकार तिथल्या अँटवर्प शहरात सोनं मोजून द्यायचे, वसुली कॅस्टीलमध्ये (स्पेनच्या मुख्य राज्यात) चांदीत करायचे. रोकड जहाजातून धाडली की काय होतं ते १५६८ ला दिसलं. फ्लँडर्समधला फिलिपचा सेनापती आल्बा याच्या फौजेसाठी निघालेले सुमारे ८५ हजार पौंड इंग्लंडच्या बंदरांत अडकले. पोचते होईपर्यंत ते पैसे जेनोआवाल्यांचे, हे कळल्यावर इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने ते स्वतःच कर्जाऊ घेऊन टाकले! (बाई पक्की.) ही जोखीम कोण फुकट घेईल?

चौकस:
आणि १५७५? राजाने देणी थांबवताच या सावकारांनी उत्तरेकडे, फ्लँडर्सला जाणारं सोनंच अडवलं. पगार थकलेल्या फौजेने नोव्हेंबर १५७६ मध्ये अँटवर्प लुटलं, माणसं कापली. नाक दाबलं की तोंड उघडतं, दुसरं काय!

खतावणी:
पण आधी नाक दाबलं कुणी? उधारी बुडवणाऱ्याला वाणीसुद्धा पुढचा माल देत नाही. आणि १५७७ च्या तडजोडीत सावकारांनी येण्यातला काही भाग सोडलाच की. उरलेल्यापैकी बऱ्याच रकमेचे कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे रोखे पदरात घेतले.

पायवाट:
तुम्ही दोघंही राजा आणि सावकार यांच्यातच अडकलात. राजाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा चांदीचा नव्हता, कॅस्टीलच्या करांचा होता. विक्रीवरचा आल्काबाला नावाचा कर त्याच १५७५ च्या सुमारास भरमसाट वाढवला. १५९० ला त्यावर मिल्योनेस नावाचा नवा कर आला, तो पुढे दारू, मांस, तेल, व्हिनेगर असल्या रोजच्या जिनसांवर बसला. हुंडी वटायची ती या गावकऱ्यांच्या जिवावर.

चौकस:
पायवाट, करांचं मान्य. खतावणी, वाण्याचा दाखला मात्र गळी उतरत नाही. अँटवर्पकरांनी कुणाची उधारी बुडवली होती?