ब्राशोव्हमध्ये एक दिवस, काय बघू?

प्रश्न: रोमानियाला चाललोय, ब्राशोव्हला एकच दिवस मिळतोय. ब्लॅक चर्च सोडून काय चुकवू नये?

उत्तर: अरे आधी ब्लॅक चर्चच नीट बघ! १६८९ च्या आगीत होरपळलं, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. आत जुने तुर्की गालिचे टांगलेत, सॅक्सन (म्हणजे इथे पूर्वी येऊन वसलेले जर्मन) व्यापाऱ्यांनी वगैरे चर्चला दिलेले, लाल रंग अजून काय सुंदर दिसतो, तिथे वेळ काढच.

उत्तर: नंतर श्केईत जा, म्हणजे जुन्या तटबंदीबाहेरच्या भागात. सॅक्सन लोक रोमानियनांना तटबंदीच्या आत राहू देत नसत म्हणून त्यांची वस्ती तिकडे, पहिली रोमानियन शाळापण तिथेच. लोक चौकात फोटो काढून परत जातात, वाईट वाटतं.

उत्तर: श्केईला +१. तांपा डोंगरपण चढ, १९५० ते १९६० शहराला स्टालिनचं नाव होतं तेव्हा तिथे झाडांनी त्याचं नाव लिहिलेलं.