मदत हवी आहे: टेलर स्विफ्टमधला बदल आतून आलेला की बाजारासाठी, हे ऐकवायचं कसं?

नमस्कार. सोलापुरात आमच्या वाचक मंडळात टेलर स्विफ्ट या अमेरिकी गायिकेवर पंधरा मिनिटं बोलायचं आहे. ऐकणारे बहुतेक साठीपुढचे, इंग्रजी पॉपशी संबंध नसलेले. बोलणं मराठीतच, गाण्यांचे दोन-तीनच तुकडे वाजवता येतील.

२००६चा कंट्री (अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीताचा) अल्बम, २०१४चा पूर्ण पॉप '१९८९', सापांची चित्रं मिरवणारा २०१७चा 'रेप्युटेशन', मग २०२०चा शांत 'फोकलोअर', सगळं क्रमाने ऐकलं. 'मिस अमेरिकाना' हा माहितीपटही पाहिला, पण तो तिच्याच सहभागाने झालेला, म्हणून एवढा पुरावा मला पुरत नाही. कपडे आणि रंग तर कुणीही बदलून देतं. त्यापेक्षा २०१९मध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क विकले गेल्यावर तिने २०२१ ते २०२३मध्ये चार अल्बम पुन्हा गाऊन काढले, ते मला फार बोलकं वाटतं: शब्द जवळजवळ तेच, गळा मात्र मोठ्या बाईचा.

तिच्या प्रेमप्रकरणांची चर्चा कृपया नको. पुन्हा गायलेल्या या चार अल्बममधलं कोणतं एक गाणं जुन्या-नव्या रूपात लागोपाठ वाजवलं, तर इंग्रजी न कळणाऱ्यालाही तिच्यातली वाढ नुसत्या आवाजातून जाणवेल? आणि त्यातली नेमकी कोणती ओळ?