स्वतःचं घर गावात, नोकरी वाळूजला : ये-जा करावी की भाड्यानं राहावं?

बदनापूरकर
मी वाळूज एमआयडीसीत फिटर. आठ वर्षं बदनापूरहून मोटारसायकलवर ये-जा केली, आता बजाजनगरात खोली घेतली. गावात सगळे म्हणतात, घरचं घर असताना भाडं कशाला? हिशोबच मांडतो. जाऊन-येऊन ११० किलोमीटर. गाडी ५५ चा ॲव्हरेज देते, म्हणजे रोज दोन लिटर पेट्रोल. २६ दिवसांचे साडेपाच हजार, टायर-ऑइल वेगळं. खोलीचं भाडं सहा हजार. गावातलं घर फुकट कुठं होतं? शिवाय रोजचे तीन तास. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मध्यरात्री जालना रोडनं घरी यायचं, पुढं बिनदिव्याची उसाची ट्रॉली. माझं मत पक्कं आहे : नोकरी जिथं, बिऱ्हाड तिथं.

परतूरचा पासवाला
नाही पटलं. खोलीबरोबर दूध, भाजी, पाण्याचा जार, सगळं विकत आलं, ते कुठं धरलं? मायबाप गावात एकटे, त्यांच्या दवाखान्यासाठी रजा काढून पळावं लागतं, तेही खर्चातच येतं. मी परतूरहून जालन्याला रेल्वेनं जातो. महिन्याचा पास पेट्रोलपुढं काहीच नाही. त्रास एकच, रूळ एकेरी, क्रॉसिंगला गाडी ताटकळते. शिफ्टच्या वेळेला धरून गाड्या सोडा, मग बघा किती जण गाव सोडतात.

जालन्याची सिस्टर
दोघेही भाऊ एकाच पगाराचा हिशोब करताय. आम्हीही बदनापूरलाच राहतो. नवरा वाळूजला, मी जालन्यात दवाखान्यात. मला २० किलोमीटर, त्यांना ५५. बजाजनगरला गेलो असतो तर मला एका बाजूनं ७५ पडले असते, म्हणजे नोकरी सोडणंच. घर हलतं ते पुरुषाच्या नोकरीमागं, बाईची नोकरी किती लांब पडेल हे कुणी विचारत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून माझ्या पगारातलं काही हाती तरी राहतं. पण रात्रपाळीला एसटीच नाही. तिकीट स्वस्त करून भागत नाही, बस यायला पाहिजे.

नकाशेवाला, संभाजीनगर
चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस सरासरी दिवसाचा तासभर प्रवासाला देतो, मग पायी असो की गाडीनं. वेग वाढला की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. जालना रोडला करमाड-शेकट्याकडचे प्लॉट बघा. पासवाले भाऊ, चांगल्या गाड्या सुटल्या तर गावं टिकतील हे खरं, पण आज शहरात राहणारेही लांब प्लॉट घेतील आणि गर्दी तेवढीच राहील.

परतूरचा पासवाला
तासभर? बदनापूरकर तीन तास घालवत होते. ती हौस नव्हती, जवळ परवडत नव्हतं. सरासरीत आमची माणसं दिसत नाहीत.

बदनापूरकर
सिस्टरताई, तुमचं वाचून गप्प झालो. बायको गावात शिवणकाम करायची, महिन्याला तीनेक हजार यायचे. इकडं आल्यावर गिऱ्हाईक तुटलं. तो आकडा मी धरलाच नव्हता. धरला तर माझा हिशोब उलटतो, मान्य. पण त्या रोडनं रात्री परत गाडी घालणार नाही. ती म्हणते, दिवाळीपर्यंत बघू, इथं ब्लाउज शिवायला बायका आल्या तर राहू.