काळ्या मातीत नाली खोदताना मशीन मागं ओढली जाते, तळही बशीसारखा येतो

हिंगण्याचा हेल्पर
रामराम मंडळी. हेल्परकी संपवून बॅकहोच्या (पुढं बकेट अन् मागं खोदायचा हात असलेली मशीन) सीटवर नुकताच बसून राहिलो. नागपूरच्या हिंगणा रोडच्या बाजूला ६ इंची ड्रेनेज पाइपची नाली आहे. खोली दीड ते दोन मीटर, वर काळी माती, खाली मुरूम. डिपर (खोदायचं बकेट धरणारा हात) ओढला की आख्खी मशीन नालीकडं सरकते. तळ मधातच खोलगट होतो, मग मिस्त्री हातानं भरून घेतात. त्यात पाऊस लागला. काय चुकत असेल?

मुरूमपट्टी
भाऊ, दोन्ही रोग वेगळे आहेत, पहिले सरकण्याचं पाहू.

डिपर माती ओढतो तेव्हा तेवढ्याच जोरानं माती मशीनला ओढते. मशीन धरून ठेवायला पुढचं बकेट अन् मागचे दोन जॅक, म्हणजे जमिनीवर टेकवायचे पाय, एवढंच आहे. पुढचं बकेट नुसतं टेकवून ठेवलं तर ते ओल्या मातीवर घसरतं. त्याचं पातं किंचित खाली वळवून जमिनीत रुतव, पुढच्या चाकांवरचा भार त्यावर आला पाहिजे. डांबरी रस्त्यावर मात्र सपाटच ठेव, नाही तर रस्ता उखडतो. मग मागचे जॅक टाक, मागच्या चाकांवरचा भार उतरेपर्यंतच. चाकं हातभर अधांतरी केली की मशीन डुलते. पावसात जॅकच्या पायाखाली जाड लाकडी फळ्या पाहिजेतच, नाही तर एक जॅक रुततो, मशीन तिरपी होते अन् नालीची एक भिंत तिरकी कापली जाते. दर वेळी मशीन पुढे घेतली की जॅक नव्यानं लावून लेव्हल पाहा.

एवढं करूनही सरकत असेल तर घास मोठा घेऊन राहिला. दात जमिनीत उभे रोवू नको, चपटे लाव अन् १०-१५ सेंटिमीटरचा थर सोलत आण. बकेट भरायला लांबून ओढणं चालतं, खोल घुसवणं नाही. इंजिन दबलं, आवाज बसला, की बूम (डिपर ज्याला जोडला तो मोठा हात) जरासा उचल.

आता तळ. डिपर त्याच्या पिनेभोवती गोल फिरतो, म्हणून नुसता डिपर ओढला की दात आधी खाली जातात, डिपर उभा झाला की सगळ्यात खोल पोचतात, मग वर येतात. बशी इथंच बनते. लांबून ओढायला लागला की बूम हळूहळू वर घे. डिपर उभा झाला की उलटं, बूम हळूहळू खाली सोड. बकेटही सोबत थोडं थोडं वळवत राहा, म्हणजे त्याचा तळ जमिनीला समांतर राहील. तीन हालचाली एकत्र जमायला वेळ लागतो, म्हणून इंजिनचा वेग कमी ठेवून शीक. अन् जॅकच्या अगदी जवळ येईस्तोवर खोदू नको, पायाखालचीच माती निघते. त्याआधीच मशीन पुढे घे.

वर्धा रोड साइट
तळाबद्दल वर बरोबर सांगितलं आहे, पण डोळ्याच्या अंदाजावर राहू नका. चुन्याची फक्की मारून मधली रेघ काढा. ढाळ नकाशात १:१०० असेल तर मीटरला १ सेंटिमीटर. प्रत्येक ५ मीटरवर खुंटी ठोकून दोरी बांधा आणि दोरीपासून तळापर्यंत काठीनं मोजायला लावा. शेवटचे ५ सेंटिमीटर हातानं काढणंच बरं. जास्त खोदलं गेलं तर सैल माती टाकून भरू नका, ती बसते आणि पाइपचा सांधा उघडतो. तिथं बारीक मुरूम किंवा वाळू टाकून धुम्मस करावा लागतो, म्हणजे ठोकून दाबावं लागतं.

आता भिंतीचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, त्या भेगा खोलवर उभ्या असतात. पहिल्या पावसाचं पाणी भेगांमध्ये उतरतं आणि भिंतीचा पापुद्रा नव्हे, आख्खी लादी सुटते. आवाज येत नाही. काठाला समांतर केसाएवढी फट दिसली, की खाली माणूस असेल तर आधी त्याला वर काढा. एक घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते, छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही.

दीड मीटरच्या खाली जायचं असेल तर आधाराच्या फळ्या लावा किंवा भिंती तिरक्या कापा. काढलेला ढीग काठापासून किमान दीड मीटर लांब टाका. बूमच्या पोचेत ढीग काठावर टाकणं सोपं पडतं, म्हणून नवीन ऑपरेटर तिथंच टाकतात. पाऊस थांबल्यावर नालीत उतरायच्या आधी सुपरवायझरनं काठावरून चालून भेगा पाहायलाच हव्यात. ऑपरेटरनं त्यासाठी थांबवलं तर मालकानं रागावू नये.

ग्रीसगन
एक राहिलं. चिखलात काम असेल तर दिवसातून एकदा ग्रीस पुरत नाही. बकेट, डिपर, बूम अन् किंगपोस्टच्या (ज्यावर बूम डावी-उजवीकडं फिरतो तो सांधा) निप्पलला दुपारीही मार, जुनं काळं ग्रीस बाहेर येईस्तोवर. पाणी शिरलं की पिन-बुश खातं, बकेट खडखडतं, मग सरळ नाली काढणं विसर. बकेटला चिकटलेली काळी माती झाडायला डिपरवर ठोकू नको. खोरं घेऊन खाली उतरून काढ, इंजिन बंद करून, बकेट जमिनीवर टेकवून.

हिंगण्याचा हेल्पर
धन्यवाद भाऊ लोकहो. मुरमाखाली काळा दगड लागला तर? बकेटनं बाजूला हलवून सुटतो असं एक जण म्हणून राहिला.

मुरूमपट्टी
नको. आपल्या पश्चिमेकडच्या भागात मुरमाखाली बेसाल्ट आहे. सुटा गोटा असेल तर त्याच्या कडेखाली दात घालून बकेट वळवून उचल. सलग दगडाला बकेटच्या बाजूनं धडक देऊन स्विंग मारला की किंगपोस्टच्या पिना अन् बूम बाजूला फिरवणारे जॅक जातात. दात घासल्यावर खरखर आवाज अन् दगडावर पांढरे ओरखडे दिसले, बकेटमध्ये भुकटीच आली, तर थांब आणि ब्रेकर (दगड फोडायचा मशीनचा हातोडा) मागव. दगड लागलेली जागा अन् खोली लिहून ठेव, ब्रेकरच्या बिलाला ते लागतं.

वर्धा रोड साइट
आणि खोदताना मधेच स्वच्छ वाळू, ओळीनं विटा किंवा लाल पट्टी दिसली तर लगेच बकेट उचला. जमिनीखालच्या केबलवर तेच टाकलेलं असतं. पुढचं हातानं, महावितरणच्या माणसाला बोलावून.