बूस्टर आणि लसवाटप
श्रीमंत देशांनी करोना लसीचे बूस्टर (दोन डोसनंतरचा जादा डोस) घेतले म्हणूनच गरीब देश लसीवाचून राहिले, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. जागतिक आरोग्य संघटनेने बूस्टर थांबवण्याचे आवाहन केले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. परंतु त्याआधीच, दुसऱ्या लाटेत भारताने निर्यात रोखल्यामुळे, पुण्याच्या सीरम या लस-उत्पादक संस्थेवर भिस्त ठेवून असलेल्या कोव्हॅक्सचे (गरीब देशांना लस पुरवणाऱ्या जागतिक योजनेचे) गणित कोलमडले होते. नाशकात ऑक्सिजनसाठी वणवण करणाऱ्या आम्हांला (खरे सांगायचे तर आजही) निर्यात रोखण्याचा तो निर्णय चुकीचा वाटला नाही. पुढे चित्र मात्र उलटे झाले: २०२२ मध्ये आईच्या तिसऱ्या डोससाठी नाशिकरोडच्या एका केंद्रावर गेलो, तेव्हा दहा डोसची कुपी उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते म्हणून परिचारिकाबाई आणखी माणसे जमण्याची वाट पाहत होत्या; आम्ही तिघेच होतो.